आकाशातले गायरान

जुन्या गावच्या नकाशात गावठाण, पाणवठा, स्मशान यांच्याबरोबर आणखी एक तुकडा हमखास दाखवलेला असे. गायरान. ते कुणा एकाच्या नावावर नसे, म्हणूनच ते सगळ्यांचे असे. ज्या गावात ते शाबूत राहिले, तिथे पुढे शाळा, दवाखाना, पाण्याची टाकी यांना जागा मिळाली. जिथे ते हळूहळू कुंपणाआड गेले, तिथे शाळेच्या दोन खोल्यांसाठी गावकऱ्यांना कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागले. वाटणीच्या दिवशी जे राखून ठेवले नाही, ते पुढे मागून मिळत नाही, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

जमीन निदान डोळ्यांना दिसते. पण जी दिसत नाही, जिला बांध नाही आणि जिचा सातबारा नाही, अशा जागेतही मुलांच्या शिक्षणाचा हिस्सा राखून ठेवा, असा हट्ट धरणारी एक बाई अमेरिकेत होऊन गेली. ती जागा म्हणजे हवेतून जाणाऱ्या रेडिओलहरी आणि त्या बाईंचे नाव फ्रीडा हेनॉक. अमेरिकेच्या प्रसारणाच्या इतिहासात हे नाव मोठे आहे. आपल्याकडे मात्र ते फारसे कानावर येत नाही. मी आयुष्यभर मास्तरकी केली. शिक्षणासाठी झिजलेल्या थोरामोठ्यांची चरित्रे मुलांना सांगितली. पण या वकील बाईंनी शाळांसाठी जे मिळवले आणि त्याचे पुढे जे झाले, त्याचे मला विशेष कुतूहल वाटत आले आहे.

फ्रीडाचा जन्म १९०४ सालचा, कोव्हेल या गावचा. हे गाव तेव्हा रशियन साम्राज्यात होते, आज ते युक्रेनमध्ये आहे. ज्यू कुटुंबातल्या आठ भावंडांत ती सर्वांत धाकटी. १९१० मध्ये हे बिऱ्हाड न्यूयॉर्कला येऊन थडकले. परकी भाषा, परका मुलूख, पण मुलगी हुशार. पियानो ती चांगला वाजवी आणि तिने संगीतातच पुढे जावे, असे घरच्यांना वाटे. तिने मात्र वकिलीचा ध्यास घेतला. वकिलांच्या कचेऱ्यांत कारकुनी करून तिने ब्रुकलिन लॉ स्कूलची फी भरली आणि एकोणिसाव्या वर्षी पदवी मिळवली. गंमत अशी की, सनद मिळायला वयाची एकवीस वर्षे पुरी असावी लागत. तेव्हा परीक्षा पास झालेली ही मुलगी वय वाढण्याची वाट पाहत थांबली. १९२६ मध्ये सनद हाती आली तेव्हा न्यूयॉर्कमधल्या सर्वांत तरुण महिला वकिलांत तिची गणना होत होती.

सुरुवातीला त्यांनी फौजदारी खटले चालवले, मग व्यापारी कंपन्यांची कामे घेतली. १९४१ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका जुन्या, सनातनी वळणाच्या वकिली पेढीत त्यांना स्थान मिळाले. त्या पेढीत येणारी ही पहिली स्त्री, पहिली ज्यू व्यक्ती आणि रिपब्लिकनांच्या त्या गोतावळ्यात पहिली डेमोक्रॅट. एकाच माणसाने तीन उंबरठे एका पावलात ओलांडावेत, असाच हा प्रकार. शिवाय डेमोक्रॅटिक पक्षासाठी निधी गोळा करण्यात त्यांचा हातखंडा होता. १९४८ मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांनी त्यांना फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनवर नेमले. रेडिओ, टेलिफोन आणि नव्याने आलेली दूरचित्रवाणी यांचे परवाने देणारे, नियम करणारे हे सात सदस्यांचे मंडळ. त्यावर बसणारी ही पहिलीच स्त्री.

रेडिओविषयी आपला अनुभव काय, असा प्रश्न सिनेटच्या समितीपुढे आला, तेव्हा त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. निवडणुकीत रेडिओवरचा वेळ विकत घेण्यासाठी पैसे जमवले, एवढाच आपला अनुभव, असे त्यांनी सरळ सांगून टाकले. वर्तमानपत्रांना त्यांच्या कामापेक्षा त्यांच्या टोप्यांची आणि पोशाखाची जास्त नवलाई होती. शोभेची बाहुली म्हणून त्यांची गणना करणाऱ्यांना वर्षभरातच आपला हिशेब चुकल्याचे कळले.

त्या वेळची परिस्थिती अशी होती. दूरचित्रवाणी रांगत होती. वापरात वाहिन्या होत्या फक्त बारा. शेजारच्या दोन शहरांत एकाच क्रमांकावर केंद्रे सुरू झाली, तर एकाचे चित्र दुसऱ्यावर आदळे. गोंधळ वाढला, तेव्हा सप्टेंबर १९४८ मध्ये कमिशनने नवे परवाने देणे थांबवले आणि देशभराच्या वाटपाचा आराखडा नव्याने आखायला घेतला. म्हणजे वाटणीचा दिवस जवळ आला होता. व्यापारी कंपन्या दारात उभ्या होत्या. शिक्षणसंस्थांचा मात्र पत्ता नव्हता.

हेनॉकबाईंनी मागचा इतिहास वाचला होता. १९२०च्या दशकात अमेरिकेतल्या दोनशेच्या आसपास शिक्षणसंस्थांनी रेडिओ केंद्रांचे परवाने घेतले होते. पण पैसा नव्हता, कायद्याचे संरक्षण नव्हते, आणि जाहिरातींवर चालणारी केंद्रे सोईच्या वेळा आणि सोईच्या लहरी पटकावत होती. तीसचे दशक अर्धे सरेपर्यंत यांतली बहुतेक केंद्रे बंद पडली. पुढे १९४५ मध्ये एफएम रेडिओत शिक्षणासाठी वीस वाहिन्या राखल्या गेल्या, पण श्रोते तर आधीच दुसरीकडे गेले होते. दूरचित्रवाणीत तीच गत होऊ द्यायची नाही, हे बाईंनी मनाशी पक्के केले.

जुलै १९४९ मध्ये कमिशनने वाटपाचा मसुदा काढला. शिक्षणासाठी त्यात एकही वाहिनी नव्हती. बाकीच्या सदस्यांनी मान डोलावली. एकट्या हेनॉकबाईंनी विरोधी मत नोंदवले. वाहिन्यांचा एक हिस्सा शिक्षणासाठी वेगळा काढावा, अशी त्यांची मागणी होती. अमेरिकेला हा विचार खरे तर नवा नव्हता. १८६२ च्या मॉरिल कायद्याने राज्यांना सरकारी जमिनी दिल्या होत्या आणि त्यांच्या उत्पन्नातून शेतकी आणि तांत्रिक शिक्षणाची महाविद्यालये उभी राहिली होती. जमिनीला लावलेला न्याय लहरींना का लावू नये, एवढाच मुद्दा होता.

पण नुसत्या विरोधी मताने काय होते? ज्यांच्यासाठी भांडायचे, तेच झोपलेले. मग बाईंनी विद्यापीठांचे कुलगुरू, शाळाखात्यांचे अधिकारी, शिक्षक संघटना यांना अक्षरशः हलवून जागे केले. भाषणे दिली, पत्रे धाडली, प्रवास केला. १९५० मध्ये शिक्षण संघटनांची एक संयुक्त समिती उभी राहिली. न्यूरेंबर्गच्या खटल्यांत सरकारी वकील असलेले टेलफर्ड टेलर यांनी तिची बाजू मांडली. जानेवारी १९५१ मध्ये या मंडळींनी एक साधा पण नामी उपाय केला. न्यूयॉर्कमध्ये आठवडाभर दूरचित्रवाणी संचांपुढे माणसे बसवून, पडद्यावर काय काय दाखवले जाते, याची टिपणे काढली. गुन्हेगारीच्या कथा आणि जाहिराती यांचा सुकाळ, शिक्षणाच्या नावाने मात्र जवळजवळ शून्य. सुनावणीत या कागदांनी जे काम केले, ते शंभर भाषणांनी झाले नसते.

याच वर्षी बाईंची परीक्षा पाहणारा दुसरा प्रसंग आला. ट्रुमन यांनी न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात न्यायाधीश म्हणून त्यांचे नाव सुचवले. वकिलाच्या आयुष्यातला हा सोन्याचा क्षण. पण वकिलांच्या संघटनांनी जोरदार विरोध केला. त्यांच्या खासगी आयुष्याबद्दल कुजबुज सुरू झाली. सिनेटच्या समितीने निर्णयच घेतला नाही. सिनेटच्या सुटीत तात्पुरती नेमणूक मिळण्याची वाट होती, तीही बाईंनी नको म्हटली आणि त्या आपल्या जुन्या खुर्चीत परत येऊन बसल्या. वाहिन्यांचे वाटप अजून व्हायचे होते.

एप्रिल १९५२ मध्ये अखेर आराखडा मंजूर झाला. शिक्षणासाठी २४२ वाहिन्या राखल्या गेल्या. तीन वर्षांपूर्वी शून्य होते, तिथे २४२. कुणीही समाधान मानले असते. बाईंनी याही वेळी आपले वेगळे मत जोडलेच. त्यांना हिस्सा मोठा हवा होता. शिवाय या २४२ पैकी १६२ वाहिन्या यूएचएफ या नव्या पट्ट्यात होत्या आणि घराघरांतल्या बहुतेक संचांवर त्या दिसतच नव्हत्या. गायरान मिळाले, पण बरेचसे गावाबाहेरच्या माळावर. सगळ्या संचांत यूएचएफची सोय सक्तीची करणारा कायदा व्हायला १९६२ साल उजाडले.

राखीव वाहिन्यांना पहिले एक वर्ष कुणी हात लावायचा नाही, असे ठरले होते. त्या वर्षात हेनॉकबाईंनी गावोगाव जाऊन शिक्षणसंस्थांना अर्ज करायला लावले. २५ मे १९५३ रोजी ह्यूस्टन विद्यापीठाचे केयूएचटी केंद्र सुरू झाले. राखीव वाहिनीवरचे हे पहिले केंद्र. जूनमध्ये त्याच्या उद्घाटन समारंभाला बाई जातीने हजर होत्या. घरी बसून विद्यापीठाचा अभ्यासक्रम पडद्यावर पाहावा आणि त्याचे श्रेय पदवीत धरले जावे, हा प्रयोग तिथे झाला. दिवसभर नोकरी करून शिकणाऱ्यांना संध्याकाळचे तास घरात मिळाले. कारकुनी करत शिकलेल्या बाईंना त्याचे मोल वेगळे सांगायला नको होते.

१९५५ च्या जूनमध्ये मुदत संपली. अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्यांना पुन्हा नेमले नाही. त्या वेळी देशात पंधराच्या आसपास शैक्षणिक केंद्रे चालू होती, बाकी वाहिन्या पडीक होत्या. बाई वकिलीकडे वळल्या. १९५६ मध्ये, एक्कावन्नाव्या वर्षी, त्यांनी लग्न केले. संसार चार वर्षांचा ठरला. मेंदूतल्या गाठीवरच्या शस्त्रक्रियेनंतर २० जून १९६० रोजी वॉशिंग्टनमध्ये त्यांचे निधन झाले. कमिशनवर दुसरी स्त्री यायला १९७१ साल उजाडावे लागले. सेसमी स्ट्रीट ही मालिका १९६९ मध्ये सुरू झाली आणि त्या राखीव वाहिन्यांवरून लाखो घरांत पोहोचली. ते पाहायला बाई राहिल्या नाहीत.

पण त्यांच्या विचाराचे पुढचे आयुष्य त्यांच्या आयुष्याइतकेच नाट्यमय आहे. जुलै १९६३ मध्ये कमिशनने शाळांसाठी आणखी एक पट्टा वेगळा काढला, २५०० ते २६९० मेगाहर्ट्झ. आपल्या स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह ओव्हन साधारण २४५० वर चालतो, म्हणजे हा त्याचा शेजारीच. एका उंच मनोऱ्यावरून धडे प्रक्षेपित करायचे आणि शाळांच्या गच्चीवरच्या अँटेनाने ते पकडायचे, अशी व्यवस्था. एकतिसावे शतक जणू उजाडले, असे तेव्हा वाटले असेल. पण मास्तर बोलणार, वर्ग ऐकणार आणि शंका विचारायची सोय जवळजवळ नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाने १९६९ पासून या लहरींवरून कंपन्यांतल्या इंजिनिअरांना शिकवताना परत बोलण्यासाठी आवाजाची वेगळी वाट जोडली. ती अपवादात्मक सोय. ज्या वर्गात हात वर करता येत नाही, तो वर्ग अर्धाच, हे कुठलाही मास्तर सांगेल.

अनेक शाळांना हा पट्टा पुरता वापरता येईना. १९८३ मध्ये कमिशनने आठ वाहिन्या व्यापारी कंपन्यांकडे वळवल्या आणि उरलेल्यांतली जादा वेळ भाड्याने देण्याची मुभा शाळांना दिली. कंपन्यांनी त्यांवर बिनतारी केबल टीव्हीचा धंदा मांडला. तारेची केबल आणि उपग्रह यांच्यापुढे तो टिकेना. तोवर इंटरनेट आले. मग कंपन्या आणि शिक्षणसंस्था यांनी मिळूनच १९९७ मध्ये अर्ज केला की, या लहरींवरून फक्त पाठवायचे नव्हे, उलट दिशेने यायचेही परवानगीत बसवा. आजवर ते टाळले होते, कारण घरोघरी प्रक्षेपक बसले की, एकाचा आवाज दुसऱ्याच्या कानात जाण्याची भीती. सप्टेंबर १९९८ मध्ये कमिशनने दुतर्फा वापर मान्य केला. एका उंच मनोऱ्याऐवजी अनेक छोटे मनोरे उभारता येऊ लागले आणि शेजाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून नियम बांधले गेले. २००४ मध्ये सबंध पट्ट्याची फेरआखणी झाली आणि शाळांच्या हिश्शाला एज्युकेशनल ब्रॉडबँड सर्व्हिस असे नवे नाव मिळाले.

एकतर्फी पाइपाची दुतर्फा वाट झाली. शिक्षणाचे भाग्य उजळायला हवे होते. झाले मात्र दोन प्रकारचे. बहुतेक संस्थांनी आपला हिस्सा मोबाइल कंपन्यांना लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिला. डिजिटल क्षमतेचा निदान पाच टक्के भाग शिक्षणासाठी ठेवावा आणि दर वाहिनीमागे आठवड्याला वीस तास शिक्षणाचा वापर व्हावा, अशी अट होती. भाड्याचा पैसा शाळांना उपयोगी पडला, हे नाकारता येत नाही. पण मालक नावापुरता आणि कसणारा वेगळा, अशी शेती आपण पाहिलेली आहे. तिचा शेवट कुठे होतो, तेही आपल्याला ठाऊक आहे.

काहींनी मात्र स्वतः नांगर धरला. मिशिगन राज्याच्या उत्तर टोकाला मार्क्वेट इथल्या नॉर्दर्न मिशिगन विद्यापीठाने या लहरींवर स्वतःचे जाळे उभारले आणि आसपासच्या बर्फाळ, विरळ वस्तीतल्या विद्यार्थ्यांच्या घरी इंटरनेट पोहोचवले. ग्रँड कॅनियनच्या तळाशी हावासुपाई या आदिवासींचे सुपाई गाव आहे. तिथे मोटार जात नाही. टपाल खेचरांवरून येते. २०१८ मध्ये त्यांना याच पट्ट्याचा तात्पुरता परवाना मिळाला आणि दरीच्या तळातून बाहेरच्या शिक्षकाला प्रश्न विचारता येऊ लागला. दुतर्फा या शब्दाचा अर्थ त्या गावात जाऊन समजून घ्यावा.

जुलै २०१९ मध्ये कमिशनने शिक्षणाची अटच काढून टाकली. जुने परवानाधारक आपला हिस्सा आता कुणालाही विकू शकतात. आदिवासी जमातींना २०२० मध्ये अर्जाची खास संधी मिळाली, हीच जमेची बाजू. उरलेल्या भागाचा २०२२ मध्ये लिलाव झाला आणि सात हजारांहून अधिक परवाने एकट्या टी-मोबाइल कंपनीने घेतले. त्यावर आज ५जी चालते. धंद्याच्या दृष्टीने तो पट्टा उत्तम वापरात आहे, यात शंका नाही.

आपला या गोष्टीशी संबंध आहे तो असा. १९८३ मध्ये अवकाशात गेलेल्या इन्सॅट-१बी उपग्रहावरून दूरदर्शनचे जे प्रक्षेपण होई, ते याच पट्ट्यातल्या लहरींवरून. १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे कंट्रीवाइड क्लासरूम हे कार्यक्रम दुपारी दिसू लागले, ते अनेकांना आठवत असतील. त्या दशकात आम्हीही शाळेत संच आणला. तो मुख्याध्यापकांच्या खोलीत भरतकामाच्या रुमालाखाली असे आणि क्रिकेटचा सामना असला की, रुमाल निघे. पुढे काळ बदलला. २०१६ च्या लिलावात २५०० मेगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडेही मोबाइल कंपन्यांकडे गेला. त्यानंतर चारच वर्षांनी टाळेबंदी आली आणि कोकणात, सह्याद्रीच्या कुशीत, मुले रेंजसाठी टेकड्या चढू लागली.

मग हेनॉकबाईंचा हट्ट वाया गेला का? मला तसे वाटत नाही. त्यांनी राखून ठेवले म्हणून सेसमी स्ट्रीटला घर मिळाले आणि पुढे सुपाईसारख्या गावाला देण्याजोगे काही शिल्लक राहिले. त्यांच्यानंतर कमी पडले ते राखणे नव्हे, कसणे. शाळांना जागा मिळाली, पण ती वापरायला पैसा, माणसे आणि रोजची निगा देणारे कुणी मागे उभे राहिले नाही. पडीक जमिनीवर दुसऱ्याचा डोळा जातोच.

२०१९ चा तो निर्णय एकमताने झाला नाही. पाचपैकी दोन सदस्यांनी काही भागाला विरोध नोंदवला. त्यांतल्या एक होत्या जेसिका रोझेनवर्सेल. घरी इंटरनेट नाही म्हणून ज्या मुलांचा गृहपाठ अडतो, त्यांचा प्रश्न त्या वर्षानुवर्षे लावून धरत आल्या होत्या. १९४९ च्या कागदांत विरोधाची सही एकटीची होती. सत्तर वर्षांनी ती दोघांची झाली. वाढ फार नाही, पण शेजारची खुर्ची आता रिकामी नव्हती.